बॅटरी ‘फुल’ दाखवते आणि रात्री साडेनऊला सगळं बंद: गच्चीवरच्या छोट्या सोलरचा दर डिसेंबरातला घोळ

डिसेंबर लागला की आमच्याकडे एकच रड. सकाळी अकरालाच कंट्रोलरच्या (पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीच्या) पडद्यावर बॅटरीचं चित्र काठोकाठ भरलेलं, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास राउटर गप, जिन्यातले दिवे गप. दुकानात जावं तर उत्तर ठरलेलं: “ताई, बॅटरी गेली तुमची.” पहिल्या वर्षी मुकाट्याने नवी घेतली. दुसऱ्या डिसेंबरात पुन्हा तेच झालं तेव्हा मात्र डोक्यात किडा वळवळला. बॅटरीला मरायचंच असेल तर एप्रिलच्या काहिलीत मरेल, थंडीचा मुहूर्त कशाला गाठेल?

तुमच्याकडेही असंच चालू असेल तर नवी बॅटरी आणण्याआधी हे वाचा. मला लागली एक दुपार आणि एक साधा मल्टीमीटर.

आमची जोडणी आधी सांगते. पुण्यात धायरीला चौथ्या मजल्यावर घर, वर सोसायटीची गच्ची. गच्चीवर 75 वॅटचं, 36 सेलचं पॅनेल. तिथून बारा मीटर वायर खाली उतरून घरात येते. घरात 10 अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल बॅटरीला भराभर जोडून-तोडून चार्जिंग आवरणारा) आणि 12 व्होल्ट, 26 अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. त्यावर राउटर दिवसरात्र आणि पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा घरून काम करणाऱ्यांचे हाल होतात, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. राउटरच्या ॲडाप्टरवर 12 व्होल्ट 1 अँपिअर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात आमचा 0.4 च्या आसपास घेतो. दिवसाला साधारण 10 अँपिअर-तास. दिव्यांचे चार. एकूण 14. पॅनेल चांगल्या उन्हात 4 अँपिअरच्या थोडं वर देतं आणि पुण्यात सरासरी पाचेक तास भरघोस ऊन धरलं तर 20 येतात. लेड-ॲसिडमध्ये घातलेलं सगळं परत मिळत नाही, 15 टक्के तरी वजा करा. उरतात 17. म्हणजे कागदावर आमचं भागतं, पण फार ऐसपैस नाही. हा हिशोब तुमचाही आधी करून घ्या. कित्येकांच्या जोडणीत बिघाड काहीच नसतो. 20 वॅटचं पॅनेल आणि त्यावर राउटर, कॅमेरा, वर मोबाइलचं चार्जिंग असा प्रकार असतो. आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया. तिथे मीटर लावून काही सापडणार नाही.

एका बैठकीत चार आकडे

व्होल्ट आज, करंट रविवारी आणि बॅटरी पाहुणे गेल्यावर, असं मोजत बसलात तर काही कळणार नाही. निरभ्र दिवशी साडेबाराला चारही आकडे एका दमात घ्यायचे. साडेबारा अशासाठी की आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि पुणे त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. इथे सूर्य माथ्याशी येतो तोच साडेबाराच्या आसपास, फेब्रुवारीत तर एकला दहा कमी असताना.

पहिला आकडा, कंट्रोलरपासून सोडवलेल्या पॅनेलच्या वायरींवरचे व्होल्ट. 36 सेलच्या पॅनेलला 20 ते 22 यायला हवेत. दुसरा, त्याच दोन वायरींमध्ये मीटर 10 अँपिअरवर ठेवून शॉर्ट करंट, म्हणजे पॅनेलची दोन टोकं मीटरमधून थेट जोडली की वाहतो तो. पॅनेलच्या मागच्या लेबलवर हा आकडा छापलेला असतो, आमच्याकडे 4.5 आहे. दहा सेकंदांत मोजून वायर काढा. तिसरा, पॅनेल परत जोडून चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या स्क्रूंवरचे व्होल्ट. चौथा, त्याच क्षणी खुद्द बॅटरीच्या खांबांवरचे (प्लस-मायनस टोकांवरचे) व्होल्ट.

शॉर्ट करंट फक्त पॅनेलचा मोजायचा. पॅनेल स्वतःच्या करंटपलीकडे काही देऊ शकत नाही म्हणून ते चालतं. बॅटरीच्या दोन टोकांना अँपिअरवर ठेवलेला मीटर लावलात तर तिच्यातून शंभराच्या वर अँपिअर उसळतात आणि मीटर हातातच जळतो. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ही चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. बॅटरीला मीटर लावला, ठिणगी उडाली आणि मीटरच्या सळईचं टोक वितळलं. पुण्यात विजेचं सामान मिळतं त्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने न विचारताच नवीन सळया काढून दिल्या, म्हणजे असे गिऱ्हाईक त्याला रोजचेच.

पॅनेल आधी सोडायचं, बॅटरी नंतर. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. 12 आणि 24 दोन्हींवर चालणारे कंट्रोलर चालू होताना समोर किती व्होल्ट दिसतात त्यावरून ‘ही कुठली बॅटरी’ ते ठरवतात. बॅटरीविना पॅनेल लावलं तर समोर वीस व्होल्ट, आणि तो खुशाल 24 धरून बसतो. मग तुमची 12 ची बॅटरी त्याला कायम मेलेलीच वाटते.

कुणाच्या लेखी फुल?

माझे आकडे त्या दिवशी दोनदा घेतले गेले, कारण अकरालाच मी उतावळेपणाने सुरुवात केली होती. ते एका अर्थी बरंच झालं. अकराला पॅनेलचा शॉर्ट करंट 3.7, ठीक. कंट्रोलरच्या स्क्रूंवर 14.4 व्होल्ट, म्हणजे पडद्यावर ‘फुल’. आणि बॅटरीच्या खांबांवर 13.5.

मध्ये वायर आहे जेमतेम दीड मीटर. तेवढ्यात 0.9 व्होल्ट कुठे गेले?

हे शोधायला एक सुंदर युक्ती आहे, आणि ती वापरताना काही सोडवावं लागत नाही. चार्जिंग चालू ठेवा. मीटर व्होल्टवर. एक सळई कंट्रोलरच्या प्लसच्या स्क्रूवर, दुसरी बॅटरीच्या प्लसच्या खांबावर. दोन्ही टोकं एकाच वायरीची, म्हणजे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं. आलं 0.1. आता तसंच मायनसचं. आलं 0.8. मग बॅटरीकडची सळई खांबावरून उचलून वायरीच्या लगवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या, खांबाला जोडायच्या धातूच्या तुकड्यावर) टेकवली. तरी 0.8. लगच्या मागे, वायरीत टोचली. 0.05. चोर त्या दोन सेंटिमीटरमध्ये होता.

लग बोटाने चाचपली तर कोमट. वरची काळी नळी ब्लेडने कापली. आत तांबं पार कळकलेलं, हिरवट पावडर धरलेली, आणि पंधरा-वीस तारांपैकी चार-पाचच पकडीत. बाकीच्या नुसत्या आत खोचलेल्या. कुणीतरी लग दाबायच्या यंत्राऐवजी साध्या पकडीने चेपून दिली होती. कुणीतरी म्हणजे मीच, पहिल्या वर्षी.

आता याने काय होतं ते बघा. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, त्याला स्वतःचे स्क्रू दिसतात. त्याच्या स्क्रूंवर 14.4 झाले की त्याच्या लेखी बॅटरी भरत आली आणि तो करंट आवरता घेतो. बॅटरी बिचारी 13.5 वर, अजून अर्ध्या वाटेवर. करंट कमी झाला की त्या खराब जोडावरचा फरकही कमी होतो हे खरं, त्यामुळे हळूहळू बॅटरी भरत राहते. पण तेवढ्यात माझा कंट्रोलर 13.7 च्या फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरण्याच्या व्होल्टवर) उतरून मोकळा झालेला असतो. पंगतीत पहिला भात वाढून वाढप्याने भांडं घेऊन निघून जावं, तसं. आणि रात्री हाच जोड उलट बाजूने फसवतो. दिवे आणि राउटर कंट्रोलरच्या लोडवर, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या स्क्रूंवर, आहेत, म्हणजे करंट त्याच लगमधून बाहेर येतो. बॅटरीवर 11 व्होल्ट असतात तेव्हा कंट्रोलरला 10.7 दिसतात आणि तो लोड तोडतो. दिवसा लवकर पोट भरलं म्हणतो, रात्री लवकर भूक लागली म्हणतो.

अशा वेळी पडदा खोटं बोलत नसतो. तो त्याच्या दारात काय दिसतं ते सांगतो. म्हणून तिसरा आणि चौथा आकडा नेहमी एकाच वेळी घ्यायचा. फरक 0.2 च्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर बाकी काही करू नका, आधी तो जोड गाठा. त्यात लग, फ्यूजची डबी (तिच्यातल्या पत्र्याच्या पकडी सैल होतात), कंट्रोलरचे स्क्रू आणि वायर, याच क्रमाने बघत जा. स्क्रूखाली वायरीचं आवरण दाबलं गेलंय आणि तांबं हवेतच, हेही मी एका ओळखीच्यांकडे पाहिलं आहे. आणि स्वस्तात मिळालेली लाल-काळी वायर ब्लेडने खरवडून बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम निघालं तर ती वायर दाराच्या घंटीला वापरा.

मी लग कापून टाकली, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे सोलली आणि इलेक्ट्रिशियनकडून यंत्राने नवी लग दाबून घेतली. फरक 0.8 वरून 0.04. काम दहा मिनिटांचं.

मग डिसेंबरच का?

लग तर बाराही महिने खराब होती. एप्रिलमध्ये का चाललं? याचं उत्तर साडेबाराच्या आकड्यांत होतं. अकराला पॅनेलचा शॉर्ट करंट 3.7 होता. साडेबाराला 0.7. दिवस चढत होता आणि करंट उतरत होता. व्होल्ट मात्र 20.6, अगदी ठणठणीत.

वर गेले तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पसरलेली. पूर्ण नाही, खालच्या कोपऱ्यातून साधारण एक तृतीयांश. मी पॅनेल बसवलं होतं एप्रिलमध्ये. तेव्हा दुपारी सूर्य 80 अंशांच्या वर असतो, टाकीची सावली टाकीच्याच पायाशी घुटमळते. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात मध्यान्हीचा सूर्य 48 अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. टाकीचा माथा माझ्या पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच. म्हणजे सावली उत्तरेला जवळजवळ 1.35 मीटर. आणि पॅनेल टाकीच्या उत्तरेला एका मीटरवर. साडेअकरा ते दीड, नेमका उन्हाचा गाभा तिथे जात होता.

एक तृतीयांश सावली म्हणजे एक तृतीयांश नुकसान असं नाही. 36 सेल एकापाठोपाठ एक, माळेसारखे जोडलेले असतात. एक सेल अंधारात गेला की तोच माळेचा करंट ठरवतो. मागच्या डबीतले बायपास डायोड मेलेल्या भागाला वळसा घालतात खरे, पण छोट्या पॅनेलमध्ये ते दोनच असतात. एकाने वळसा घातला तर अर्धं पॅनेल उरतं, आणि अर्ध्या पॅनेलचे नऊ-दहा व्होल्ट 12 च्या बॅटरीत काही ढकलू शकत नाहीत. व्होल्ट मात्र करंट वाहत नसताना मोजले की जवळजवळ पूर्ण दिसतात. म्हणून नुसते व्होल्ट पाहून पॅनेलला पास करू नका. मी दोन वर्षं तेच केलं.

एप्रिलमध्ये दिवसही मोठा, ऊनही भरपूर, त्यात त्या लगचं पाप झाकलं जात होतं. डिसेंबरात सावली आली आणि दोन्ही दुखणी एकदम वर आली. पॅनेल आता जिन्याच्या खोलीच्या दक्षिण बाजूला कठड्यालगत सरकवलं आहे, वीसेक अंश तिरपं. त्यासाठी सोसायटीच्या सचिवांची परवानगी मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत किचकट काम होतं, त्याचं समस्या निवारण माझ्याकडे नाही.

सावलीचाच धाकटा भाऊ म्हणजे चिखलाची पट्टी. पॅनेल फार सपाट ठेवलं की पावसाचं पाणी खालच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीशी अडतं आणि वाळताना तिथे बोटभर रुंदीचा मातीचा थर सोडतं. लांबून पॅनेल स्वच्छ दिसतं. पण त्या थराखाली सगळ्यात खालची सेलची ओळ असते. आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला बांधकामांची धूळ कमी म्हणून नाही, वर कबुतरं. सासूबाई रोज तुळशीला पाणी घालायला वर जातात, त्यांनीच सुचवलं की सकाळी पॅनेल गार असताना ओला फडका खालच्या कडेवरून फिरवावा. त्याच सासूबाई उन्हाळ्यात वाळवणाच्या साड्यांची दोरी पॅनेलच्या स्टँडला बांधतात, ते वेगळं.

उन्हाळ्यात उलटा घोळ असेल तर

काहींचं म्हणणं असतं की आमचं थंडीत छान चालतं, एप्रिल-मेमध्ये दुपारी चार्जिंग मंदावतं. त्यांनी वायर बघावी. पॅनेल तापलं की व्होल्ट घसरतात, 36 सेलच्या पॅनेलला अंशामागे साधारण 0.07. गच्चीवर सेल 65 अंशांना सहज पोहोचतात. म्हणजे कामाचे 18 व्होल्ट 15 च्या आसपास येतात. आता बारा मीटर अंतर, जाऊन-येऊन 24 मीटर, आणि वायर ‘एकची’ (एक चौरस मिलिमीटर जाडीची) असेल तर 4 अँपिअरला 1.7 व्होल्ट वायरच खाते. बॅटरीला हवेत 14.4, पोहोचतात साडेतेरा. अडीचच्या वायरीत हीच घट 0.7 वर येते, चारच्या सोलर केबलमध्ये अर्ध्या व्होल्टच्याही आत. आमच्याकडे पहिल्यापासून चारची होती, तेवढी एक गोष्ट मी धड केली होती.

जुलै-ऑगस्टमधल्या रडगाण्याला इलाज नाही. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा दिवे बंद ठेवा किंवा आठवड्यातून एकदा चार्जरने बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण भरून घ्या. अर्धपोटी बॅटरी आठवडेच्या आठवडे ठेवणं हाच तिचा मृत्यू.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली असेल तर कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार बदललाय का तेवढं बघा. ती फार उतरली की आतलं संरक्षण सर्किट तिला तोडतं आणि टोकांवर शून्य दिसतं. मेली म्हणून टाकू नका, योग्य चार्जर लावला की बहुतेक वेळा उठते.

मग बॅटरी खरंच गेली होती का?

पहिली तर मी बदलीत देऊन टाकली, तिचं काय ते कळणार नाही. दुसरी तपासली. जोड सुधारून, पॅनेल हलवून, चार-पाच दिवस नीट भरू दिली. मग सगळं सोडवून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी 12.6. बरी वाटली. पण बसल्या बॅटरीचे व्होल्ट हे नाडी बघण्यासारखं आहे, जिना चढायला लावल्याशिवाय दम कळत नाही. गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपिअर घेतो. धडधाकट 26 ची बॅटरी याला तेरा तासांच्या आसपास पुरवते. माझी साडेसात तासांत 10.8 वर आली. म्हणजे 13 अँपिअर-तास, निम्मी. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिल्याने प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. ही चाचणी वारंवार करू नका, खोल उपसणंही बॅटरीला सोसत नाही.

थोडक्यात दुकानदार चुकीचं बोलत नव्हता. बॅटरी गेलीच होती. ती कशाने गेली हे त्याने विचारलं नाही आणि मीही नाही. तिसरी आणली ती जोड दुरुस्त झाल्यावर, आणि प्लसच्या खांबाजवळ 10 अँपिअरचा फ्यूज घालून.

बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर दर महिन्याला ते चार आकडे लिहिते. या 21 डिसेंबरची ओळ अशी आहे: 20.4 व्होल्ट, 4.1 अँपिअर, 14.4, 14.3. त्या रात्री साडेनऊला मुद्दाम जाऊन पाहिलं. जिन्यातले दिवे लागलेले होते, राउटरही चालू. नेट मात्र बंद होतं, त्या दिवशी कंपनीचीच केबल तुटली होती.